रिकामा बसणारा कॅप्टन

मी विमान कंपनीत होते हे कळलं की किन्हवलीतली माणसं आधी विचारतात, तिकीट फुकट मिळायचं का. मग विचारतात, तुम्ही हवाईसुंदरी होता का. हा दुसरा प्रश्न विचारताना ती माझ्या कमरेकडे बघतात आणि उत्तर मिळाल्यासारखी गप्प होतात. मग तुम्ही नक्की काय करत होता, हे कोणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगते.

मी वैमानिकांच्या ड्युट्या लावायचे. कोणत्या दिवशी कोणता कॅप्टन, त्याच्या शेजारी कोणता फर्स्ट ऑफिसर, कुठून कुठे जायचं, मुक्काम कुठे, सुटी कधी. याला रोस्टर म्हणतात. वैमानिक आकाशाचा राजा असतो वगैरे गोष्टी जाहिरातीत ठीक आहेत. माझ्या टेबलासमोर तो पंगतीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा उभा राहायचा. माझ्यासाठी काय उरलंय, एवढंच त्याला हवं असायचं.

एक कॅप्टन दर उन्हाळ्यात मला मेल पाठवायचे, ‘मला बाहेरगावचे मुक्काम चालतील. लांबचे असले तरी हरकत नाही.’ त्या काळात त्यांच्या सासूबाई राहायला आलेल्या असत. दुसरे एक जण अमुक फर्स्ट ऑफिसरबरोबर बसायला तयार नव्हते, कारण तो विमान उतरवायच्या आधी बोटं मोडायचा. तिसरे संकष्टी करायचे. त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं की विमानातून चंद्र आधी दिसतो, तर तो धरायचा की खाली उतरल्यावर दिसेल तो. मी म्हटलं, कॅप्टन, मी फक्त ड्युटी लावते, तिथी नाही.

असल्या लोकांचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास दिला तो दुसऱ्या कंपनीकडे बोट दाखवून ‘त्यांच्याकडे बघा’ म्हणणाऱ्यांनी.

एका विमानाला पुढे दोन माणसं लागतात, यावरून शहाण्या माणसाला वाटतं की दहा विमानांना वीस माणसं पुरतील. पण विमान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उडतं आणि माणूस तसा उडू शकत नाही. त्याला कायद्याने ठरवून दिलेली विश्रांती द्यावी लागते. साप्ताहिक सुटी असते, रजा असते, ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते, डॉक्टरी तपासणी असते. म्हणून प्रत्येक विमानामागे वैमानिकांच्या बऱ्याच जोड्या ठेवाव्या लागतात. आणि हे सगळं धरून झालं की वर थोडे राखीव लागतात. त्यांना स्टँडबाय म्हणतात. हा माणूस त्या दिवशी कुठेच जात नाही. आंघोळ करून, गणवेश घालून घरी बसतो. कोणाला ताप आला, कोणाची गाडी पुलावर बंद पडली, कोणाचं आधीचं विमान उशिरा आलं, तर मी त्याला फोन करते आणि तो निघतो. फोन आला नाही तर संध्याकाळी तो गणवेश काढून ठेवतो.

आमचे कॅप्टन नाडकर्णी यांच्या वाट्याला हे काम सगळ्यांत जास्त यायचं. साठी ओलांडलेली, त्यामुळे करार दर वर्षी नव्याने व्हायचा. आमच्याकडची दोन्ही प्रकारची विमानं चालवायचा परवाना, घर विमानतळाजवळ, आणि मुख्य म्हणजे फोन पहिल्या रिंगला उचलायचे. ते म्हणायचे, “शैलाताई, माझ्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं मला नोकरीवरून काढलंय आणि मी घरच्यांना फसवायला सकाळी टाय बांधतो.”

अशा माणसाची किंमत तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दिसतं ते एवढंच, की महिन्यात तो फार कमी तास उडाला.

आमच्या विभागाचे प्रमुख होते सूद साहेब. दर वर्षी त्यांना वरून विचारणा व्हायची, की समोरची कंपनी एका विमानामागे आपल्यापेक्षा कमी वैमानिक ठेवते आणि तिचा प्रत्येक वैमानिक आपल्यापेक्षा जास्त तास उडतो, हे कसं. मी दर वर्षी तेच उत्तर द्यायचे. त्यांची विमानं लांब पल्ल्याची. एकदा उडाली की वैमानिकाचे तास आपोआप भरतात. आपली विमानं छोट्या शहरांत उड्या मारत जातात. आपला माणूस दिवसात चार वेळा चढतो-उतरतो, जास्त दमतो, आणि तास मात्र कमी भरतात, कारण जमिनीवर उभं राहिल्याचे तास कोणी धरत नाही. शिवाय त्यांचे कितीतरी वैमानिक बाहेरच्या एजन्सीच्या करारावर आहेत, ते त्यांच्या पटावरच नाहीत. मुरबाडच्या कारखान्यांत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पटावर मूठभर माणसं, बाकी सगळी ठेकेदाराची. मग मालक पाहुण्यांना सांगतो, बघा, एवढ्याशा माणसांत कारखाना चालवतो.

सूद साहेब हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “वो सब ठीक है शैलाजी, पण नंबरचं काय?”

त्या वर्षी नंबरसाठी त्यांनी एक सल्लागार नेमला. नाव रोहन. हुशार मुलगा, वागायला सभ्य, कधी कोणाचं वाईट चिंतलं नसेल. त्याने विमानतळ पाहिला होता तो प्रवासी म्हणून. त्याचं म्हणणं असं की तुलना करता येत नाही अशी जगात कुठलीही गोष्ट नाही. हे खरंच आहे. तुलना करायला काहीच लागत नाही, समज तर नाहीच नाही.

जुलैमध्ये विभागाची दोन दिवसांची बैठक तानशाजवळच्या एका रिसॉर्टवर ठेवली. मी तिथल्याच शहापूर तालुक्यातली, किन्हवलीची, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आमच्या घरी जेवायला नेण्याची कल्पना सूद साहेबांना सुचली. तांदळाची भाकरी, शेवळाची भाजी, ‘ऑथेंटिक’ काहीतरी. शेवळं ही पहिल्या पावसाची रानभाजी, ती जुलैत मिळत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी टाकळ्याची भाजी केली आणि तिलाच त्यांनी शेवळं म्हणून वाखाणलं.

आमची आवणी चालू होती. भाताचं रोप एका जागी वाढवतात, ते उपटून मुठी बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात लावतात, ती आवणी. सासूबाई बांधावर उभ्या राहून बायांवर ओरडत होत्या. शेजारच्या खाचरात काशिनाथभाऊंची आवणी चालली होती. जेवण झाल्यावर रोहन बांधावर येऊन उभा राहिला आणि मोजायला लागला. त्याला मोजल्याशिवाय राहवतच नव्हतं.

“आजी, तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा माणसं जास्त आहेत,” तो म्हणाला, “आणि त्यांचं शेत आधी होत आलंय.”

सासूबाईंना हे जिव्हारी लागलं. काशिनाथभाऊंशी त्यांची बांधाची कुरबुर लग्न होऊन आल्यापासूनची.

“कोण बोलला आधी झालाय? त्याचा रोप खाचराच्या कडंलाच हाय. आमाला तिकडून डोक्यावर आणाया लागतो. आन त्यानी मुठी कालच उपटून ठेवल्या.”

“पण ती बाई काही करत नाहीये,” रोहन म्हणाला.

ती यमू होती. आमच्याकडे आवणीला बायांच्या बरोबर एक बाई जास्त बोलावतात. तिला भाकरीवाली म्हणायचं. भाकरी ती भाजते, चहा करते, पण खरं म्हणजे कोणाच्या पायात काटा मोडला, कोणाचं पोर रडायला लागलं, कोणाची कंबर धरली, की साडी खोचून ती ओळीत उतरते. ओळ तुटू देत नाही. उपटलेलं रोप वाट बघत बसत नाही, दुसऱ्या दिवशी मान टाकतं. घरातल्या बापयांना, म्हणजे पुरुषांना, मात्र ती भाकरीसाठीच आणली आहे असं सांगायचं, नाहीतर ते विचारतात, बसून राहायला बाई कशाला?

हे सगळं मी रोहनला सांगितलं. तो मान हलवत होता. यमू चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघून हसत होती. “काय रे बाला,” ती म्हणाली, “माजी मोजणी झाली का?”

“काशिनाथकडं भाकरीवाली नाय,” सासूबाई एकदम म्हणाल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढे पावसाळे पाहिलेली ही बाई शर्टाची घडी न मोडलेल्या पोराचं कशाला ऐकेल. तिने ऐकलं. संध्याकाळी यमूला सांगितलं, उद्या येऊ नको. मी विचारलं तर म्हणाल्या, “तू गप गो. तो साहेब शिकलेला हाय. तो काशिनाथ चार बायांत करतो, मग आमी काय लुळं हाव?”

दुसऱ्या दिवशी माझं घरून काम होतं. महासाथीपासून आठवड्यातले काही दिवस मला घरून काम करायची मुभा होती. सकाळी दहाच्या सुमारास बायांपैकी एकीला निरोप आला की तिच्या मुलीला बाळंतपणाला धसईच्या दवाखान्यात नेलंय. ती निघून गेली. दुसरीने जेवणानंतर कंबर धरली. मुठी उपटून खाचरात टाकलेल्या, लावायला हात नाहीत. यमू तोवर काशिनाथभाऊंकडे गेली होती. त्यांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं, आणि भाकरी भाजायला नव्हे, सरळ लावायला. सासूबाईंनी बांधावरून हाक मारली, तर यमूने वरही बघितलं नाही.

मी लॅपटॉप कपाटात ठेवला, साडी खोचली आणि चिखलात उतरले. तरी अर्ध्या मुठी राहिल्याच. सासूबाई दिवसभर यमूला शिव्या देत होत्या. स्वतःला एकही दिली नाही. सूद साहेबांनाही मी नंतर कधी स्वतःला शिव्या देताना ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात रोहनचं सादरीकरण झालं. त्यात आमच्या शेजारच्या शेताचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, कमी मनुष्यबळात जास्त काम पारंपरिक शेतीतही शक्य. फोटोत काशिनाथभाऊ दात दाखवून उभे होते.

आदेश निघाला. राखीव वैमानिक ‘अनुत्पादक’ आहेत, ते टप्प्याटप्प्याने बंद करायचे. ज्यांचा करार वर्षाचा आहे, त्यांचा पुढे वाढवायचा नाही. पहिलं नाव कॅप्टन नाडकर्णी.

मी सूद साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, विमान दारात उभं राहील आणि चालवायला माणूस नसेल. ते म्हणाले, “समोरच्या कंपनीचं उभं राहतं का?” मी म्हटलं, त्यांचे राखीव एजन्सीच्या पटावर आहेत, तुम्हाला दिसत नाहीत. ते म्हणाले, “मग आपलेही दिसू नयेत, असं काहीतरी करा ना.”

हे त्यांनी मला घालवून देण्यासाठी म्हटलं होतं. मी ते काम म्हणून घेतलं.

नव्याने भरती झालेल्या फर्स्ट ऑफिसरांना छोट्या धावपट्ट्यांची माहिती द्यायला कोणीतरी हवंच होतं. मी विमानतळावरच्या एका खोलीत वर्ग सुरू केला. नाडकर्णी आणि आणखी काही जण ज्या दिवशी राखीव असायचे, त्या दिवशी त्यांची ड्युटी ‘मार्गदर्शन’ अशी लावली. वर्ग खरोखर भरायचा. नियमात बसायचं, त्यांच्या तासांचा आणि विश्रांतीचा हिशेब मी चोख ठेवायचे. आणि गरज पडली की वर्ग सोडून नाडकर्णी विमानात जाऊन बसायचे, पूर्वीपेक्षाही लवकर, कारण आता ते विमानतळावरच असायचे. आम्ही ऑफिसात भाकरीवाली ठेवली, एवढंच.

तक्त्यात राखीव वैमानिकांच्या रकान्यात शून्य आलं. सूद साहेब खूश झाले. नाडकर्णींचा करार वाढला, मार्गदर्शक म्हणून. ते मला म्हणाले, “प्रमोशन झालं म्हणायचं का?” मी म्हटलं, नाही, वेषांतर झालं.

यापुढचं मला खरंच अपेक्षित नव्हतं. सूद साहेब एका परिषदेत बोलायला गेले आणि व्यासपीठावरून सांगून आले की आमची कंपनी राखीव वैमानिकांशिवाय चालते. समोरच्या कंपनीची माणसं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांनी परत जाऊन आमच्याशी तुलना केली. म्हणजे आम्ही त्यांच्या खोट्या आकड्याशी तुलना करत होतो आणि आता ते आमच्या खोट्या आकड्याशी करायला लागले. फरक एवढाच की आमच्याकडे आकडा खोटा आहे हे एका बाईला ठाऊक होतं. त्यांच्याकडे कोणालाच नव्हतं. त्यांनी एजन्सीचे करार खरोखर मोडले आणि राखीव खरोखर बंद केले.

मग विश्रांतीचे नियम आणखी कडक झाले आणि ऐन सुट्यांच्या दिवसांत त्यांची विमानं एकामागून एक जमिनीवर राहिली. विमानं होती, प्रवासी होते, पुढच्या दोन खुर्च्यांत बसायला विश्रांती झालेली माणसं नव्हती. टीव्हीवर लोक बॅगांवर झोपलेले दिसत होते. आमच्या ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. सूद साहेब म्हणाले, “बघितलंत? मॅनेजमेंट कशाला म्हणतात.”

समोरच्या कंपनीने महिन्याभरात धोरण उलटं फिरवलं. मिळतील ते अनुभवी कॅप्टन घ्यायला सुरुवात केली, राखीव म्हणून, तसं करारात स्पष्ट लिहून. नाडकर्णींना बोलावणं आलं. त्यांनी आमच्याकडे राजीनाम्याचं पत्र दिलं आणि सूद साहेबांनी ते त्याच दिवशी मंजूर केलं.

मी धावत केबिनमध्ये गेले. म्हटलं, त्यांना सोडू नका.

“का? ते शिकवतात फक्त,” साहेब म्हणाले. “वर्ग आपण ऑनलाइन घेऊ. रोहन म्हणतच होता.”

“साहेब, ते शिकवत नव्हते. ते राखीव होते. तुम्हीच सांगितलं होतं दिसू देऊ नका.”

“मी असं कशाला सांगेन?” ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा इतका निरागस होता की माझी खात्री पटली, त्यांना खरोखर आठवत नव्हतं. आपल्या तक्त्यावर त्यांचा पुरता विश्वास बसला होता.

थोडी खंत मला आहे ती इथे. माणूस वाचवायला मी त्याचं काम लपवलं. ते इतकं नीट लपलं की त्याची गरजच कोणाला दिसेना. पण खंत करत बसायला वेळ नव्हता. वर्ग ऑनलाइन झाला आणि माझे उरलेसुरले राखीवही एकेक करून रोजच्या फेऱ्यांत ओढले गेले.

व्हायचं ते पावसाळा संपता संपता झालं. सकाळच्या विमानाच्या कॅप्टनला उलट्या सुरू झाल्या. प्रवासी आत बसलेले, दार लावायचं बाकी. मी सगळ्यांना फोन केले. जे होते ते हवेत होते किंवा विश्रांतीत. विश्रांतीतल्या माणसाला उठवणं हा गुन्हा आहे आणि तो मी कधी केला नाही. सूद साहेबांचा फोन आला.

“स्टँडबाय कोण आहे?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे? एवढी मोठी एअरलाइन आणि एक स्टँडबाय नाही?”

“साहेब, आपण त्याबद्दल परिषदेत भाषण केलंय.”

मग ते म्हणाले, “समोरच्यांकडे किती आहेत, ते काढा.”

ते विमान गेलं नाही. त्याच्या मागची त्याची दिवसभराची सगळी उड्डाणंही गेली नाहीत. दुपारी प्रवाशांनी काउंटरवरच्या मुलींना जे ऐकवलं ते त्या मुलींनी ऐकून घेतलं. सूद साहेब खाली आले नाहीत. रोहन तोवर एका इस्पितळाला नर्सांची तुलना करून देत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आवाज मऊ होता. म्हणाले, “नाडकर्णी तुमचं ऐकतात. विचारून बघा, परत येतात का. पद तेच देऊ, मार्गदर्शकाचं. पटावर तसंच बरं दिसतं.”

मी केबिनमधूनच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मागे कुकरच्या शिट्या ऐकू येत होत्या.

“बोला शैलाताई. कोण आजारी पडलं?”

मी निरोप सांगितला. ते मनापासून हसले.

“अहो, इथे मी महिन्यात दोनदा उडालो. बाकी घरीच. आणि त्यांचा रोस्टरवाला पोरगा मला रोज सकाळी फोन करून विचारतो, सर, तुम्ही आहात ना? मी म्हणतो, आहे. तो म्हणतो, मग बरं वाटतं. तुमच्याकडे इतकी वर्षं होतो, पण हे म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. साहेबांना सांगा, नमस्कार.”

सूद साहेबांनी विचारलं, “काय म्हणाला?”

मी म्हटलं, “तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आज ते कामावर आहेत.”

“उडताहेत?”

“नाही साहेब. घरी बसलेत.”